एकशेदहा लिटरचं पातेलं आणि तीनशे किलोमीटरची रेघ

भोसरीकर | सोमवार, रात्री १०:१८

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय म्हटला तर आंतरराष्ट्रीय राजकारण, म्हटला तर आमच्या शेडमधला.

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे शेठचं. मी कोटेशन, कागद आणि निर्यात बघतो. आम्ही प्लॅनेटरी मिक्सर बनवतो. स्टेनलेसचं मोठं पातेलं आणि त्यात दोन जाड दांडे. दांडे स्वतःभोवती फिरतात आणि फिरता फिरता पातेल्यालाही प्रदक्षिणा घालतात. पातेल्याला दुहेरी भिंत, मधून गरम पाणी. झाकण घट्ट बसवलं की पंप लावून आतली हवा काढून घ्यायची. गिऱ्हाईक कोण, तर सीलंटवाले, गोंदवाले, मलमवाले, टूथपेस्टवाले. घट्ट लगदा मळायचा आणि त्यात बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढंच या यंत्राचं काम.

गेल्या महिन्यात आखातातून चौकशी आली. दीडशे लिटरचं हवंय, व्हॅक्यूमसकट, जॅकेटसकट (म्हणजे ती दुहेरी भिंत). वापर काय, तर बांधकामाचं सीलंट. शेठ खूश. मी कोटेशन टाइप करायला घेतलं आणि एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आकडा) विचारायला आमच्या सीएचएंना, म्हणजे कस्टमची कामं बघणाऱ्या एजंटांना, फोन लावला. ते म्हणाले, "कोड राहू द्या, आधी स्कोमेट बघा."

स्कोमेट ही भारत सरकारची यादी. त्यात माल बसला की डीजीएफटीच्या (परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या) परवान्याशिवाय तो बंदरातून हलत नाही. पाचवा विभाग उघडला. बॅच मिक्सर, क्षमता ११० लिटर किंवा जास्त, निर्वात मळणीची सोय, तापमानावर ताबा, निदान एक दांडा मध्यापासून बाजूला. वाचताना वाटलं, कोणीतरी रात्री येऊन आमच्या पातेल्याची टेपने मापं घेऊन गेलंय.

कारण शोधलं. घन इंधनाचं रॉकेट म्हणजे दारू भरलेली नळी. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि दोघांना धरून ठेवणारं रबरासारखं बाइंडर यांचा लगदा मळून नळीत ओततात, तिथेच तो घट्ट होतो. आत बुडबुडा राहिला की ज्वाळा तिथे पोचल्यावर एकदम जास्त पृष्ठभाग पेटतो, दाब चढतो आणि नळी फुटते. म्हणजे टूथपेस्टवाल्याचं दुखणं तेच रॉकेटवाल्याचं. फरक इतकाच की टूथपेस्ट फुटत नाही.

ही मापं आपल्या सरकारने मनाने काढलेली नाहीत. ती आलीत एमटीसीआरच्या परिशिष्टातून. १६ एप्रिल १९८७ ला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, जपान आणि कॅनडा या सातांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावरची ही व्यवस्था जाहीर केली. हा तह नव्हे. सचिवालय नाही, तपासनीस नाहीत, मोडलं तर शिक्षा नाही. कागदपत्रांची ये-जा पॅरिसला, फ्रान्सच्या परराष्ट्र खात्यामार्फत. प्रत्येकाने आपापल्या कायद्याने आपापले कारखाने आवरायचे, बस्स. सोसायटीतल्या भिशीला जेवढा कायदा, तेवढाच याला.

रेघ कुठे मारली? ५०० किलो ओझं ३०० किलोमीटरवर टाकू शकेल असं काहीही, तिथे. पहिल्या पिढीचा अणुबॉम्ब साधारण ५०० किलोच्या खाली उतरत नाही, आणि ३०० किलोमीटरच्या आतलं हत्यार रणांगणापुरतंच, असा तो हिशेब. १९९३ मध्ये रासायनिक आणि जैविक अस्त्रंही त्यात धरली. यादीचे दोन वर्ग. पहिल्यात अख्खी रॉकेटं, त्यांचे टप्पे, असले मोठे ऐवज. ते शक्यतो द्यायचेच नाहीत, आणि ते बनवायचा कारखाना तर कोणालाच नाही. दुसऱ्या वर्गात सुटे भाग, यंत्रं, कच्चा माल. ते प्रकरण बघून. आमचं पातेलं दुसऱ्यात.

सदस्य आज ३५. पस्तिसावा भारत, २७ जून २०१६ पासून.

आता माझी खरी खुटखुट. १९९२ मध्ये याच नियमाचं बोट धरून इस्रोवर बंदी आली होती. आज मी भोसरीत बसून दुसऱ्या कोणाच्या पातेल्याकडे संशयाने बघतोय. हे शहाणपण म्हणायचं, की सासुरवास सोसलेली सून सासू झाली म्हणायचं?

यूपीएससी_पुन्हा | सोमवार, रात्री १०:५१

दादा, धागा सोन्यासारखा. नोट्स काढतोय. एक शंका: एमटीसीआर आणि हेग आचारसंहिता यांत माझा दरवेळी गोंधळ होतो. मागच्या मॉकमध्ये त्यावरच दोन मार्क गेले.

सुमेधा_हेगवाली | मंगळवार, पहाटे २:३४

हेगमध्येच राहते म्हणून उत्तर द्यायचा मान घेते. (इथे अजून झोपायची वेळ झालेली नाही.)

एमटीसीआर म्हणजे विकणाऱ्यांचा आपसातला करार: हे देऊ नका. हेग आचारसंहिता ही बाळगणाऱ्यांनी करायच्या वागणुकीची: आहे ते सांगा. २५ नोव्हेंबर २००२ ला ती इथे हेगमध्ये जाहीर झाली, पण तिचं काम बघतं ऑस्ट्रिया, व्हिएन्नातून. आमच्या गावाचं नुसतं नाव, नांदणं दुसऱ्याच्या घरी. सह्या करणाऱ्या देशांनी दरवर्षी आपल्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या धोरणाची माहिती द्यायची आणि डागण्याआधी इतरांना कळवायचं. बंदी कशावरच नाही. भारत त्यात १ जून २०१६ ला आला, म्हणजे एमटीसीआरच्या सव्वीस दिवस आधी. चीन आणि पाकिस्तान दोन्हीकडे नाहीत.

लक्षात ठेव: तिथला शब्द "बॅलिस्टिक", म्हणजे वर फेकलं की कमानीत खाली येणारं. विमानासारखी उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात नाहीत. भारत-पाकिस्तानचा चाचणीआधी कळवायचा ऑक्टोबर २००५ चा करारही फक्त बॅलिस्टिकचाच. ९ मार्च २०२२ ला आपलं ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पलीकडे मियाँ चन्नूजवळ पडलं, तेव्हा ते या दोन्ही कागदांच्या बाहेर होतं. नशिबाने माणूस दगावला नाही. परीक्षेत हे लिही, परीक्षक उठून बसेल.

जुना_वेल्डर | मंगळवार, सकाळी ७:०५

भोसरीकर, सासू-सुनेचं बरोबर बोललात. मी सून होतो तेव्हाचा साक्षीदार आहे.

पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी रॉकेटच्या नळ्यांचं वेल्डिंग केलं. मॅरेजिंग स्टील, म्हणजे खास जास्त ताकदीचं पोलाद. बाहेरून मिळेना म्हणून हैदराबादच्या मिधानीत तयार व्हायला लागलेलं. प्रत्येक शिवणीचा एक्स-रे निघायचा. फिल्मवर मोहरीएवढा डाग दिसला की साहेब काही बोलायचे नाहीत, नुसता खडूने गोल काढायचे. मग तेवढी जागा खरवडून पुन्हा भरायची, पुन्हा फिल्म. एका शिवणीत तीन गोल निघाले त्या रात्री मी जेवलो नव्हतो.

क्रायोजेनिकची, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाची, गोष्ट तरुणांसाठी सांगतो. जानेवारी १९९१ मध्ये इस्रोने सोव्हिएत ग्लावकॉसमॉसशी करार केला, २३५ कोटींच्या आसपासचा. इंजिनं आणि शिवाय ती बनवायची विद्या. त्याआधी अमेरिकेच्या जनरल डायनॅमिक्सचं आणि युरोपच्या आरियानस्पेसचं कोटेशन आलं होतं, ते परवडलं नाही. वर्षअखेर सोव्हिएत संघच विरघळला. मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस दोघांवर दोन वर्षांची बंदी घातली, एमटीसीआर मोडलं म्हणून. त्याच साली जो बायडेन नावाच्या सिनेटरने रशियाच्या मदतीच्या विधेयकाला दुरुस्ती जोडली: हा सौदा होणार असेल तर पैसे नाहीत. रशियाची तेव्हा पगार द्यायची मारामार. जुलै १९९३ मध्ये येल्त्सिन सरकार नमलं. तयार इंजिनं मिळतील, विद्या नाही.

आता गंमत बघा. त्या इंजिनाला लागतो द्रव हायड्रोजन, उणे २५३ अंशाचा. भरायला तासन् तास, आणि भरल्यावर उकळून उडत राहतो. असलं क्षेपणास्त्र शत्रूवर सोडायचं तर शत्रूला आदल्या दिवशी पत्र पाठवावं लागेल. तरी बंदी, कारण नियमाच्या कागदावर उपग्रहाचं रॉकेट आणि बॉम्बचं रॉकेट यांत फरकच नाही.

आपल्या हातच्या क्रायोजेनिक टप्प्याचं पहिलं उड्डाण १५ एप्रिल २०१० ला फसलं. जमलं ५ जानेवारी २०१४ ला. १९९१ पासून मोजा, २३ वर्षं.

ढब्बू_पैसा | मंगळवार, सकाळी ९:२०

वेल्डरकाका, दंडवत. वाचनखूण साठवली.
आणि इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांच्यावरचं हेरगिरीचं प्रकरणही याच सौद्यातून आलं ना? अमेरिकेचा हात?

जुना_वेल्डर | मंगळवार, सकाळी ९:४७

नंबीसाहेबांवर अन्याय झाला हे सर्वोच्च न्यायालयानेच २०१८ मध्ये म्हटलं आणि ५० लाखांची भरपाई द्यायला लावली. तेवढं पक्कं. हाताचं मला विचारू नका. मी वेल्डर आहे, जोड दिसला तरच जोड म्हणतो.

खवट_पेठकर | मंगळवार, दुपारी १:१५

धाग्यावर देशभक्तीचा पूर आलेला दिसतोय, तेव्हा थोडं गार पाणी.

क्रायोजेनिकपुरतं वेल्डर म्हणतात ते शंभर टक्के मान्य. पण अमेरिकेला संशय उगाच आला होता का? १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह वर नेला. २२ मे १९८९ ला चांदीपूरहून अग्नी उडालं. अग्नीचा पहिला टप्पा कोणता होता? एसएलव्ही-३ चाच. एसएलव्ही-३ चे आणि पुढे क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे प्रमुख कोण? कलामसाहेबच. १९६३ मध्ये ते नासात जाऊन शिकून आले होते, आणि थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकन नाइकी-अपाची होतं. आपल्याला याचा अभिमान वाटतो, वाटावाच. पण मग समोरच्याने "तुमचं उपग्रहाचं रॉकेट क्षेपणास्त्र होऊ शकतं" म्हटलं की आपण साळसूदपणे "छे, भलतंच" म्हणायचं, हे जरा जास्त होतं. तो फरक नियमाच्या कागदावर नाही, कारण तो लोखंडातच नाही.

आणि सदस्यत्वाचं म्हणाल तर आपण दार फोडून आत गेलो असंही नाही. तिथे सगळे निर्णय एकमताने. ऑक्टोबर २०१५ मध्ये रॉटरडॅमच्या बैठकीत आपलं घोडं अडलं इटलीपाशी. क्षेपणास्त्राशी काडीचा संबंध नाही. केरळच्या किनाऱ्याजवळ २०१२ मध्ये दोन मच्छीमार गोळीने गेले आणि इटलीचे दोन नौसैनिक आपल्याकडे अडकले, त्याचा तो राग. मे २०१६ अखेर दुसऱ्या नौसैनिकाला घरी जायची परवानगी मिळाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात हरकतीची मुदत संपली आणि कोणीच काही बोललं नाही. महिनाअखेर जयशंकर (तेव्हा परराष्ट्र सचिव) यांनी फ्रान्स, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गच्या राजदूतांसमोर कागद पुरा केला. लग्न ठरताना मानपानावरून रुसलेल्या आत्याबाईंसारखी इटली. आत्याबाई निवळल्या, अक्षता पडल्या.

दर्यावर्दी | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं. माझ्या मते हा विषय परराष्ट्र खात्यापेक्षा मालाच्या कागदावर जास्त समजतो. कागदावर काय लिहिलंय आणि खोक्यात काय आहे, एवढाच सगळा खेळ.

१९९९ चा जूनअखेर. कारगिल पेटलेलं. कांडला बंदरात उत्तर कोरियाचं कुवोलसान जहाज साखर उतरवायला लागलं. कस्टमला वास आला. खोक्यांवर लिहिलेलं, पाणी शुद्ध करायची यंत्रसामग्री. खोकी उघडू देऊ नयेत म्हणून खलाशांनी झटापट केली, आणि पाण्याच्या फिल्टरसाठी कोणी झटापट करत नाही. आत क्षेपणास्त्राचे भाग, यंत्रं, नकाशे. सुरुवातीला आपल्याला वाटलं पाकिस्तानला चाललंय. कागदावर मुक्काम होता माल्टा. शेवटी तपासाची सुई गेली लिबियाकडे.

दुसरी, डिसेंबर २००२. सो सान नावाचं जहाज, झेंडा नाही. अरबी समुद्रात स्पॅनिश युद्धनौकेने अडवलं. सिमेंटच्या पोत्यांखाली १५ स्कड क्षेपणास्त्रं, येमेनसाठी. आता काय करणार? येमेन म्हणालं, आम्ही पैसे मोजलेत, माल आमचा. उत्तर कोरिया एमटीसीआरमध्ये नाही, येमेन नाही, आणि भर समुद्रातून असा माल उचलायला तेव्हा कायदाही नाही. सोडून दिलं! पंधराच्या पंधरा! त्या नामुष्कीतून पुढच्या मे महिन्यात बुश यांनी क्राकोमध्ये जहाजं अडवण्याचा नवा उपक्रम जाहीर केला. सुरक्षा परिषदेचा १५४० क्रमांकाचा ठराव एप्रिल २००४ चा. त्याने सगळ्याच देशांना निर्यातीचे कायदे करायला लावलं. आपला महासंहारक अस्त्रांवरचा २००५ चा कायदा त्यानंतरचा.

आम्ही जहाजवाले खोकं उघडत नाही. उघडायचा अधिकारच नाही. वजन आणि नाव बघतो, सही करतो.

भोसरीकर | मंगळवार, रात्री ९:३०

दर्यावर्दी, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. कांडल्याचा दुसरा अंक फेब्रुवारी २०२० चा. दा त्सुई युन जहाज, चीनहून पोर्ट कासिमला. कागदावर "इंडस्ट्रियल ड्रायर". आपल्या लोकांनी म्हटलं हा ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायची टाकी) आहे. चीन म्हणाला ही उष्णता-प्रक्रियेच्या भट्टीची टाकी, दुहेरी (नागरी आणि लष्करी) वापराची नव्हेच. एकच लोखंडी नळकांडं, नावं तीन.

आणि आपल्या दारातला प्रकार: २३ जानेवारी २०२४, न्हावाशेवा. चीनहून कराचीला जाणाऱ्या सीएमए सीजीएम अटिला जहाजावरून कस्टमने एक सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन उतरवलं, इटालियन बनावटीचं. डीआरडीओच्या माणसांनी येऊन बघितलं. आपलं म्हणणं, क्षेपणास्त्राच्या कामाचं. पाकिस्तानचं म्हणणं, कराचीतल्या एका व्यापारी कंपनीने गाड्यांचे भाग करायला मागवलेलं साधं लेथ.

आता मी भोसरीत राहतो. माझ्या उजव्या हाताच्या शेडमध्ये सीएनसीवर गाड्यांचे भाग बनतात, डाव्या हाताच्या शेडमध्येही. मशीनकडे बघून ते दिवसा काय करतं आणि रात्री काय, हे सांगता येत नाही. गिऱ्हाईक बघावं लागतं. म्हणून तर एंड यूजर सर्टिफिकेट, शेवटी माल कोण वापरणार याचा दाखला. पण ते भरतो कोण? गिऱ्हाईकच! चोराला विचारायचं, तू चोर आहेस का, होय किंवा नाही यावर खूण कर.

तळ्यात_मळ्यात | मंगळवार, रात्री ११:०२

मग हे सगळं पोकळच ना? उत्तर कोरियाने ऑगस्ट १९९८ मध्ये जपानवरून रॉकेट उडवलं. त्याआधी एप्रिलमध्ये पाकिस्तानचं घौरी क्षेपणास्त्र उडालं, तेही कोरियाच्या नोडाँग क्षेपणास्त्राचंच भावंड. ज्यांना अडवायचं ते सगळे पुढे गेले आणि आपली २३ वर्षं खाल्ली.

सुमेधा_हेगवाली | बुधवार, पहाटे १:५०

पोकळ नाही गं. अडलेल्या गोष्टी दिसत नाहीत, एवढंच.

काँडोर-२ घे. १९८० च्या दशकात अर्जेंटिना, इजिप्त आणि इराक मिळून हजार किलोमीटरच्या आसपास पल्ल्याचं घन इंधनाचं क्षेपणास्त्र करत होते. तंत्रज्ञान मुख्यतः युरोपातल्या, त्यातही जर्मन कंपन्यांकडून. एमटीसीआर जाहीर झाल्यावर नळ हळूहळू बंद झाले. १९८८ मध्ये अमेरिकेतून कार्बनचं खास साहित्य चोरून इजिप्तला न्यायचा प्रयत्न पकडला गेला, त्याने आणखी गवगवा झाला. अर्जेंटिनाचे अध्यक्ष मेनेम यांच्या सरकारने १९९१ मध्ये प्रकल्प गुंडाळल्याचं जाहीर केलं आणि १९९३ मध्ये अर्जेंटिना स्वतःच सदस्य झालं. सद्दामला ते मिळालं असतं तर १९९१ च्या युद्धात त्याच्या हाती जुनी, ताणून लांब केलेली स्कडच फक्त नसती. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका १९९५ मध्ये आत आले.

ज्या देशाला पैसा आणि मैत्री दोन्ही हवी असते तो थांबतो. ज्याला दोन्ही नको तो थांबत नाही. कोरियाला काय गमवायचं होतं?

तळ्यात_मळ्यात | बुधवार, सकाळी ८:१२

काँडोर माहीत नव्हतं. अर्धा शब्द मागे. (फक्त अर्धा.)

खवट_पेठकर | बुधवार, सकाळी ११:२६

सुमेधाताई चांगलं लिहितात, पण खरी मौज रेघेपाशी आहे, तिकडे कोणी बघत नाहीये.

रेघ मारली की लोक रेघेच्या अलीकडे दुकान थाटतात. चीनने एम-११ काढलं. जाहिरातीत पल्ला २८० किलोमीटर, ओझं ८०० किलो. बघा, तीनशेच्या आत! पण ओझं ५०० वर आणलं तर तेच क्षेपणास्त्र आपसूक तीनशेच्या पलीकडे जातं, कारण हलकी बैलगाडी लांब जाते हे कोणालाही कळतं. ते पाकिस्तानकडे चाललंय म्हणून अमेरिकेने १९९१ मध्ये निर्बंध घातले, १९९२ मध्ये उठवले, ऑगस्ट १९९३ मध्ये पुन्हा घातले. ऑक्टोबर १९९४ मध्ये चीनने लेखी कबूल केलं की मोजायची ती "अंगभूत क्षमता", जाहिरातीतला आकडा नाही. त्या एका शब्दासाठी तीन वर्षं.

ब्रिटन आणि फ्रान्स तर संस्थापक. त्यांनी संयुक्त अरब अमिरातीला ब्लॅक शाहीन क्रूझ क्षेपणास्त्रं विकली, तेव्हा अमेरिका कपाळाला हात लावून बसली.

सद्दामचं तर वेगळंच. युद्धानंतर त्याला घातलेली मर्यादा १५० किलोमीटर. त्याचं अल-सामूद-२ चाचणीत १८३ पर्यंत गेलं. तेहतीस किलोमीटर. म्हणजे स्वारगेट ते जेमतेम उरुळी कांचनच्या पुढे. त्यावरून संयुक्त राष्ट्रांचे मुख्य तपासनीस ब्लिक्स यांनी ती फोडायला लावली. मार्च २००३ च्या पहिल्या तारखेपासून इराकी बुलडोझर आपलीच क्षेपणास्त्रं चिरडत होते आणि २० तारखेला युद्ध सुरू झालं.

आणि आता देशभक्तांनी कानात बोटं घालावीत. आपलं ब्रह्मोस किती किलोमीटरचं म्हणून वर्षानुवर्षं शाळेत पाठ केलंत? २९०. तीनशे का नाही? रशिया १९९५ पासून सदस्य, म्हणून. २०१६ मध्ये आपण आत आलो आणि ११ मार्च २०१७ ला तेच ब्रह्मोस साडेचारशेच्या बेतात उडालं. नऊ महिन्यांत इंजिन काय नवीन जन्माला आलं होतं का?

निळूभाऊ_नागपूर | बुधवार, दुपारी १२:०९

पेठकर, बोलून गेले बावा बरोबर. पण ब्रह्मोसची जुळणी आमच्या नागपुरात पण होते, म्हणून एक सांगतो. फिलिपाइन्सशी जानेवारी २०२२ मध्ये सौदा झाला, ३७.५ कोटी डॉलरच्या जवळपास, आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिला माल पोचला पण. तिकडे गेलं ते २९० वालंच. विकताना आपण रेघ पाळली का नाही?

खवट_पेठकर | बुधवार, दुपारी १२:३०

पाळली. सासू झाल्यावर पदर नीट घ्यावाच लागतो.

झंपी | बुधवार, संध्याकाळी ५:५५

ड्रोनचं कोणी बोलेना म्हणून मीच. १९८७ च्या कागदात बिनमाणसाचं विमान आणि क्रूझ क्षेपणास्त्र एकाच पंगतीत बसवलंय, त्यामुळे मोठं ड्रोन पहिल्या वर्गात अडकायचं. अमेरिका मित्रांना देईना, तेवढ्यात चीनने आखातात दुकान मांडलं. मग जुलै २०२० मध्ये अमेरिकेने परस्पर जाहीर केलं की ताशी ८०० किलोमीटरच्या खालची ड्रोन आम्ही दुसऱ्या वर्गात धरणार. बाकीच्या सदस्यांची एकमताची वाट बघितलीच नाही. आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ अमेरिकन एमक्यू-९बी ड्रोन घ्यायचा करार केला, तो त्यानंतरचा.

तिकडे रशिया, सदस्य असूनही, युक्रेनवर उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं टाकतंय. आणि मार्च २०२४ मध्ये कोरियावर नजर ठेवणारं संयुक्त राष्ट्रांचं तज्ज्ञ मंडळच नकाराधिकार वापरून बंद पाडलं. भिशीतला एक जण भिशीचोराकडूनच उसने घेतोय.

यूपीएससी_पुन्हा | बुधवार, संध्याकाळी ७:३१

"भिशीचोर" उत्तरपत्रिकेत लिहू का?

सुमेधा_हेगवाली | बुधवार, रात्री ८:०४

निबंधात लिही. जीएस दोनमध्ये नको.

जुना_वेल्डर | बुधवार, रात्री ९:१०

भोसरीकर, सगळे रशिया-अमेरिकेत रमले. त्या पातेल्याचं काय झालं ते सांगा की.

भोसरीकर | शुक्रवार, रात्री १०:४५

काका, दोन दिवस त्यातच होतो.

गिऱ्हाईकाला मेल केला की परवाना लागेल, त्यासाठी शेवटचा वापर कोण करणार, कुठे करणार, सीलंटचा कारखाना कुठला, याचे कागद पाठवा. परवान्याचा अर्ज दिल्लीत वेगवेगळ्या खात्यांच्या समितीपुढे जातो, वेळ लागेल, हेही लिहिलं. शेठ जरा नाराज होते. "त्यांना सीलंटच करायचं असेल तर आपण कशाला नाट लावायचा," म्हणाले. चुकीचं नाही त्यांचं. बहुतेक जण सीलंटच करतात. आमच्या इतक्या वर्षांत एकही पातेलं भलत्या ठिकाणी गेल्याचं ऐकलं नाही.

आज दुपारी उत्तर आलं. कारखान्याचा पत्ता नाही. कागद नाहीत. एकच ओळ, अतिशय नम्र: दीडशेचा आग्रह नाही, १०५ लिटरची दोन दिलीत तरी चालेल.

खवट_पेठकर | शुक्रवार, रात्री १०:५८

दोनशे नव्वद किलोमीटर!

दर्यावर्दी | शुक्रवार, रात्री ११:०६

कायद्यात रेघेखालच्या मालालाही कलम आहे हो. भलत्या वापराची शंका असेल तर ११० च्या आतलं पातेलंही विचारल्याशिवाय पाठवता येत नाही. पण शंका घ्यायची तुम्हीच. फॉर्म काही शंका घेत नाही.

तळ्यात_मळ्यात | शुक्रवार, रात्री ११:१५

किंवा खरंच सीलंटवाला असेल बिचारा. लहान जागा असेल, बजेट कमी असेल. मीही दुकानात मोठा फ्रिज महाग निघाला की लहान बघते.

भोसरीकर | शुक्रवार, रात्री ११:२८

हो ना. तेच तर. शेठ म्हणतात सोमवारी कोटेशन जायला हवं. मी सीएचएंना फोन केला, ते म्हणाले डीजीएफटीला लेखी विचारून घ्या. पत्राचा मसुदा उघडून बसलोय. पहिली ओळ लिहिली आहे, "आमच्याकडे १०५ लिटर क्षमतेच्या दोन मिक्सरची मागणी आली असून". पुढचं सुचत नाहीये.